आधी घास, मग सुई, मग वही

(कसबा बावडा येथील प्रौढ साक्षरता वर्गात केलेले भाषण)



तुम्ही दिवसभर राबून रात्री या वर्गाला येता. म्हणून आम्ही लांबण लावणार नाही. आज आमच्या घरच्या बोक्याची गोष्ट सांगतो. कोणी म्हणेल, "गुरुजी, बोक्याची गोष्ट पोरांना सांगायची!" पण ऐका तर खरे. या गोष्टीत आमची एक चूक आहे. ती मोठ्या माणसांनी ऐकण्यासारखी आहे.

बोक्याचे नाव मन्या. वय नऊ वर्षे. तो घरात आल्यापासून आमच्या धान्याच्या पोत्याला उंदराने तोंड लावले नाही. नसबंदी झाल्यावर तो घरातच लोळू लागला. आम्हीही लाड केले. दूध-चपाती दिली, बिस्किटे दिली, सणाला बासुंदीही दिली. मन्या सात किलोचा झाला.

एका उन्हाळ्यात आमच्या घरातून तक्रार आली, "अहो, मन्या लई पाणी प्यायला लागलाय."

आम्ही म्हणालो, "उन्हाळा आहे. पिणारच."

आठ दिवसांनी त्या पुन्हा म्हणाल्या, "अहो, मोरीत तो मुततोय तिथं मुंग्या लागल्यात. आणि खातोय एवढं, तरी वाळत चाललाय."

तेव्हा आम्ही नीट पाहिले. मन्या मागच्या पायांच्या टाचा टेकून चालत होता. त्याला पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. वजन पाच किलो भरले. डॉक्टरांनी रक्त आणि लघवी तपासली. ते म्हणाले, "गुरुजी, याला मधुमेह आहे."

आम्ही थक्क झालो. माणसाचा रोग मांजराला? हो, होतो. लठ्ठ, वयस्कर बोक्यांना जास्त होतो.

हा रोग म्हणजे काय, ते आपल्या बावड्याच्या भाषेत सांगतो. हंगामात राजाराम कारखान्याकडे उसाच्या गाड्या येतात. समजा, फाटकाची किल्लीच हरवली. मग रस्ता गाड्यांनी भरून जाईल, आणि आत कारखाना उसावाचून बंद पडेल. अंगात असेच होते. खाल्लेल्या अन्नाची साखर रक्तात येते. ती आत घेण्याची किल्ली म्हणजे इन्सुलिन. पोटात स्वादुपिंड नावाचा अवयव असतो, तो इन्सुलिन तयार करतो. ते पुरेनासे झाले, किंवा अंग त्याला दाद देईनासे झाले, की साखर रक्तातच साठते. रक्त गोड, पण अंग उपाशी!

शंभर वर्षांपूर्वी या रोगाने लहान मुले हमखास मरत. १९२१ साली कॅनडा देशात टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट या दोघांनी कुत्र्यांवर प्रयोग करून हे औषध शोधले. जानेवारी १९२२ मध्ये ते चौदा वर्षांच्या एका मुलाला टोचले आणि तो वाचला. पुढे कितीतरी वर्षे गाईबैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून हे औषध काढीत. म्हणजे माणूस जनावरांच्या जिवावर जगला. आता ते औषध एका मांजराला दिले, तर बिघडले कुठे?

डॉक्टरांनी मन्याला दिवसातून दोन सुया सांगितल्या. सकाळी सात आणि संध्याकाळी सात. दोहोंत बारा तासांचे अंतर. सुई अगदी बारीक असते. मानेजवळची किंवा कुशीची सैल कातडी चिमटीत धरायची आणि कातडीखाली टोचायची. किती औषध घ्यायचे, याची खूण त्यांनी एका सिरिंजवर शाईने करून दिली. रोजची नवी सिरिंज त्या खुणेशी ताडून भरायची. आमच्या घरातल्यांना अक्षरओळख नव्हती. पण खूण पाहून त्या आमच्यापेक्षा सफाईने सुई देऊ लागल्या.

दोन महिने ठीक गेले. एका संध्याकाळी आम्ही सभेहून साडेसातला घरी आलो. घरातली मंडळी शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. आम्हाला वाटले, सुई राहिली. आम्ही ती दिली. पण त्यांनी सात वाजता दिलीच होती!

रात्री दहाला मन्या डुलू लागला. भिंतीला धडकला, पडला, पाय झाडू लागला. आम्ही घाबरून डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "साखर फार उतरली आहे. मध आहे का?" मध नव्हता. काकवीची बरणी होती. "तीच बोटाने हिरड्यांना चोळा. घशात ओतू नका, ठसका लागून जीव जाईल. आणि तसेच इकडे या." आमच्या घरातल्या रिक्षात मन्याला मांडीवर घेऊन वाटभर काकवी चोळत होत्या. दवाखान्यात सलाईन लागले. पहाटे त्याने डोळे उघडले.

घरी परतताना त्या एवढेच म्हणाल्या, "मला लिहिता येत असतं, तर भिंतीवर लिहून गेले असते, 'दिली' म्हणून."

मंडळी, आम्ही गावच्या पोरांच्या दोन पिढ्या शिकवल्या. घरात मात्र पाटी दिली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पुढच्या सोमवारपासून त्या या वर्गाला येऊ लागल्या. त्यांनी आपणहून लिहिलेला पहिला शब्द 'दिली' हाच. आज तिसऱ्या ओळीत बसल्या आहेत.

आता मन्याची वही त्याच लिहितात. तारीख, वेळ, खाल्ले का, सुई दिली का, पाणी किती प्याला. महिन्याने वही पाहिली की डॉक्टरांना सारे कळते. औषध कमी-जास्त करायचे ते डॉक्टरांनी. आपण आपल्या मनाने करायचे नाही.

त्यातून आम्ही शिकलो ते सांगतो.

मांजर खाईल तरच सुई. खाल्ले नाही, तर आधी डॉक्टरांना विचारावे. सुई दिली की नाही, अशी शंका आली तर देऊ नये. एक सुई चुकल्याने सहसा बिघडत नाही. एक जादा झाली तर जीव जाऊ शकतो.

बाटलीवरचा आकडा वाचावा. ४० च्या बाटलीला ४० ची सिरिंज, १०० च्या बाटलीला १०० ची. १०० चे औषध ४० च्या सिरिंजने त्याच खुणेपर्यंत भरले, तर ते अडीचपट जाते. आकडे वाचायला का शिकायचे, ते यावरून समजा.

बाटली फ्रीजमध्ये ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. वापरलेल्या सुया उकिरड्यावर टाकू नयेत. झाकणाच्या जाड डब्यात साठवून दवाखान्यात द्याव्या.

मांजर मुळात मांस खाणारे. त्याला बिनमसाल्याचे उकडलेले मांस, मासळी, अंडे द्यावे. हाडे आणि काटे काढावेत. दूध-चपाती, भात, बिस्किटे बंद. तांबडा-पांढरा रस्साही नको, त्यातला कांदा-लसूण मांजराला बाधतो. पण उपास घडवू नये. दिवसभर अन्न सुटले, तर दवाखाना गाठावा. माणसाची गोळी तर कधीच देऊ नये.

लवकर आणि नेमाने उपचार झाले, तर काही मांजरांची सुई पुढे सुटतेही. मन्याची अजून सुटलेली नाही. पण टाच टेकणे थांबले आहे. परवा त्याने एक उंदीर धरला. वहीत त्याचीही नोंद आहे.

तेव्हा मंडळी, तुमच्या घरी रोगी माणूस असो, गाय असो की मांजर असो, औषधाशेजारी एक वही आणि पेन्सिल बांधून ठेवा. आमच्या घरातल्यांनी आमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, तेच आज फळ्यावर लिहून आम्ही खाली बसतो. सगळ्यांनी मोठ्याने वाचा:

आधी घास, मग सुई, मग वही.