पगार कोणाचा आणि तिजोरी कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



परकी राजवट ओळखावयाची असेल तर तिचे जाहीरनामे बाजूला ठेवून तिचे अंदाजपत्रक वाचावे. राज्यकर्त्यांचे पगार कोणाच्या पैशातून निघतात आणि ते मंजूर करण्याचा अधिकार कोणाकडे असतो, या दोन प्रश्नांच्या उत्तरांतूनच राज्य कोणाचे आहे ते कळते.

१८५८ साली कंपनीचे राज्य जाऊन राणीचे आले. लंडनमध्ये भारतमंत्री बसला. तो जबाबदार होता ब्रिटिश पार्लमेंटला; त्याचा पगार मात्र हिंदी रयतेच्या महसुलातून जाई. १९१९ च्या कायद्याने हा बोजा ब्रिटिश तिजोरीकडे वळविला, तोवर साठ वर्षे उलटून गेली होती. १८६७ साली तुर्कस्तानच्या सुलतानाचा सत्कारसमारंभ लंडनच्या इंडिया ऑफिसात झाला, त्याचाही खर्च हिंदुस्थानच्याच नावे पडला.

पुढे रुपयाचा भाव घसरला. मायदेशी पैसे पाठविताना गोऱ्या अधिकाऱ्यांना तोटा येतो, म्हणून १८९३ साली त्यांना भरपाईचा भत्ता मिळाला. तत्पूर्वीच, १८८८ साली, मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला होता. साहेबाची झीज सरकारने भरून काढली. रयतेची झीज भरून काढणारा कोणी नव्हता. १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देताना गोपाळ कृष्ण गोखले यांनी या व्यवस्थेच्या मुळावरच बोट ठेवले. परकी नोकरशाही अतोनात महाग आहे हा एक दोष; पण साऱ्या वरिष्ठ जागा तिच्या हाती राहिल्याने या देशातील माणसाचे कर्तृत्वच खुंटते, ही हानी त्याहून मोठी, असे त्यांचे प्रतिपादन होते.

१९१९ च्या कायद्याने विधिमंडळे विस्तारली, परंतु भारतमंत्र्याने नेमलेल्या अधिकाऱ्यांचे पगार आणि पेन्शने मतदानाबाहेर ठेवली. लोकप्रतिनिधींनी शाळा-दवाखान्यांच्या रकमांवर वाद घालावा, साहेबाच्या वेतनाला हात लावू नये, असा हा स्वराज्याचा पहिला हप्ता होता! ज्याचा पगार आपण रोखू शकत नाही, तो आपल्याला उत्तर कशाला देईल?

२ मार्च १९३० रोजी गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विन यांना पत्र लिहिले, त्यात हाच हिशेब मांडला. व्हाइसरॉयला दरमहा २१,००० रुपयांहून अधिक, म्हणजे दिवसाला ७०० रुपयांवर मिळत. हिंदी माणसाचे सरासरी उत्पन्न दिवसाला दोन आण्यांहूनही कमी. हे अंतर पाच हजार पटींहून अधिक होते. ब्रिटनच्या पंतप्रधानाचा पगार तेथील सरासरी उत्पन्नाच्या नव्वद पटच होता. दहा दिवसांनी दांडीयात्रा निघाली. मिठाचा कर आणि साहेबाचा पगार ही एकाच वहीची दोन पाने होती, हे त्या पत्रावरून उमगते.

१९३१ च्या कराची काँग्रेसने सरकारी वेतनाची कमाल मर्यादा सामान्यतः ५०० रुपये ठरविली आणि १९३७ साली काँग्रेसच्या मंत्र्यांनी तेवढाच पगार घेतला. तरीही स्वतंत्र भारताच्या घटनेत ३१४ व्या कलमाने जुन्या आय.सी.एस. अधिकाऱ्यांच्या सेवाशर्तींना संरक्षण मिळाले. ते कलम १९७२ साली अठ्ठाविसाव्या घटनादुरुस्तीने गेले.

आजही काही खर्च संचित निधीवर भारित असतो. त्यावर चर्चा होते, मतदान होत नाही. न्यायाधीशांचे वेतन असे सुरक्षित ठेवण्यामागे रास्त कारण आहे: सत्ताधाऱ्यांच्या दडपणापासून त्यांना मोकळे राखणे. साम्राज्याने तेच साधन जनतेच्या अंकुशापासून सत्ताधाऱ्यांना मोकळे राखण्यासाठी वापरले. हा भेद ध्यानात ठेवावा, आणि ज्या खर्चाला असे रास्त कारण दाखविता येत नाही त्याचा जाब विचारावा.

तेव्हा कार्यकर्त्यांनी ग्रामपंचायतीपासून विधानसभेपर्यंतची अंदाजपत्रके वाचावयास शिकले पाहिजे. दादाभाई नौरोजी आणि गोखले यांनी साम्राज्याशी पहिला झगडा आकड्यांनीच मांडला होता. ते काम संपलेले नाही.