चिठ्ठीत नाव कुणाचं?
(अभ्यासवर्गातलं भाषण)



सर्व्हे हा शब्द आपल्या वस्तीत कुणाला नवा नाही. झोपडी तोडायची असली की सर्व्हे, मतं पाहिजे असली की सर्व्हे. दोन माणसं फाइल घेऊन येतात, दारावर खडूनं नंबर टाकतात, निघून जातात. मग पेपरात छापून येतं, शहरात इतक्या टक्के घरांत संडास आहे, इतक्या टक्के पोरं शाळेत जातात. आपण म्हणतो, आमच्याकडं तर कुणी फिरकलंच नाही! राग खरा, पण नेम चुकतो. घरोघर जाते ती जनगणना. नमुना पाहणीत थोड्याच घरी जायचं आणि त्यांच्यावरून सगळ्यांचा हिशेब मांडायचा असतो. तेव्हा सवाल असा विचारायचा : चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा डब्यात माझं नाव होतं का? आणि निघायची संधी किती होती?

आपण समतेची भाषा बोलणारी माणसं. आपल्याला वाटतं, सगळ्यांना सारखी संधी दिली की न्याय झाला. जरा हिशेब करून बघू.

समजा चार वस्त्या आहेत. एकीत 600 घरं, दुसरीत 300, तिसरीत 80 आणि चौथी म्हणजे 20 घरांची सोसायटी. एकूण 1000. एक वस्ती निवडायची आणि तिथली 20 घरं विचारायची. चार वस्त्यांच्या चार चिठ्ठ्या टाकल्या. सगळ्यांना सारखी संधी, झाली समता! पण मोठ्या वस्तीतल्या घराची पाळी यायची संधी 120 मध्ये 1, आणि सोसायटीतल्या घराची 4 मध्ये 1. तीस पट फरक. वस्त्या समान केल्या आणि माणसं असमान झाली.

आता 1000 चिठ्ठ्या टाका. मोठ्या वस्तीच्या नावानं 600, सोसायटीच्या नावानं 20, ज्याची जितकी घरं तितक्या. वस्त्यांची संधी असमान झाली. पण मोठ्या वस्तीतल्या घराची संधी आली 50 मध्ये 1, सोसायटीतल्या घराचीही 50 मध्ये 1. आकाराच्या प्रमाणात संधी म्हणतात ती ही. ज्याचं माप मोठं त्याला जास्त चिठ्ठ्या, तेव्हा कुठं माणूस माणसाच्या बरोबरीला येतो.

एकापेक्षा जास्त वस्त्या निवडायच्या असल्या की पद्धती फुटतात. हॅन्सन आणि हर्विट्झ या अमेरिकनांनी 1943 साली सांगितलं, निघालेली चिठ्ठी परत डब्यात टाका आणि पुन्हा काढा. हिशेब सोपा, पण तीच वस्ती दोनदा निघू शकते आणि मेहनत वाया जाते. कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेतल्या डी. बी. लाहिरींनी 1951 साली लांबलचक बेरजा टाळायची युक्ती काढली. आधी वस्तीचा नंबर काढा, मग 1 ते 600 मधला एक आकडा. आकडा त्या वस्तीच्या घरांत बसला तर वस्ती घ्या, नाहीतर दोन्ही चिठ्ठ्या पुन्हा. तिसरी पद्धत ठरावीक अंतरानं उड्या मारत जायची. यादीतली घरं ओळीनं मोजत जा आणि दर इतक्याव्या घरावर जी वस्ती येईल ती घ्या. काम झटपट होतं. पण वस्त्यांच्या काही जोड्या एकत्र निघूच शकत नाहीत, म्हणून आपला अंदाज किती चुकू शकतो हे चोख सांगता येत नाही. राव, हार्टली आणि कॉक्रन यांनी 1962 साली मधला रस्ता काढला. आधी वस्त्यांचे गट पाडा, चिठ्ठ्या टाकून, आणि मग प्रत्येक गटातून आकाराच्या प्रमाणात एकच वस्ती घ्या. वस्ती दोनदा येत नाही आणि चुकीचं मापही नीट मिळतं.

या सगळ्यांच्या पोटात एकच तत्त्व आहे. होर्विट्झ आणि थॉम्पसन यांनी ते 1952 साली मांडलं : ज्याची संधी जितकी कमी, त्याचं उत्तर तितकं जड धरा. 50 मध्ये 1 संधी असलेलं घर 50 घरांच्या वतीनं बोलतं. 150 मध्ये 1 असलं, तर 150 च्या.

पण आंधळेपणानं केलं तर याचंही हसं होतं. देबब्रत बसूंनी 1971 साली सर्कशीतल्या 50 हत्तींची गोष्ट सांगितली. एकच हत्ती तोलून सगळ्यांचं वजन काढायचं. संख्याशास्त्रज्ञानं मधल्या अंगाच्या हत्तीला 100 मध्ये 99 संधी दिली, बाकीच्यांना प्रत्येकी 4900 मध्ये 1. निघाला तो मधलाच. मग नियमानं 50 हत्तींचं मिळून वजन आलं त्या एका हत्तीपेक्षा जरासं जास्त! जे मोजायचं त्याच्याशी संधीचं नातं पाहिजे. वस्तीच्या घरांवरून नळ मोजता येतील. गटारात उतरणारे कामगार त्याच मापानं मोजायला गेलात, तर फसाल. ते सगळ्या वस्त्यांत सारखे पसरलेले नसतात.

आता आपल्या गावाकडं या. त्या 600 घरांच्या वस्तीत आज 1800 घरं झाली असं धरा. यादी जुनीच. घराची संधी 150 मध्ये 1 झाली, म्हणजे प्रत्येक उत्तर 150 घरांचं धरायला पाहिजे. ऑफिसात बसलेल्यानं जुनंच 50 धरलं, की तीनातली दोन घरं कागदावरून गायब. बुलडोझर लागला नाही, एका भागाकारात काम झालं.

हे नुसतं उदाहरण नाही. 2011 नंतर जनगणना वेळेवर झाली नाही, 2021 ची राहूनच गेली. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीला (2019-21) 2011 च्याच याद्या वापराव्या लागल्या. शहरातले गट आकाराच्या प्रमाणात काढले, आणि गटातली घरं नव्यानं लिहून मग 22 घरं निवडली. ही नवी यादी फार मोलाची. वाढलेल्या वस्तीचं वजन तिच्यामुळंच दुरुस्त होतं. पण कधी? यादी करणारा मुंब्र्याच्या, दिव्याच्या शेवटच्या गल्लीत शिरला तर, आणि पोटमाळ्यावरचं दुसरं बिऱ्हाड त्यानं वेगळं लिहिलं तर.

कल्याण-डोंबिवलीची गंमत बघा. 2011 ला लोकसंख्या 12.47 लाख. त्यात 27 गावं नाहीत, कारण ती 2002 साली महापालिकेतून काढली होती. 2015 साली परत घेतली. नाव तेच, हद्द वेगळी. जुना आकडा नव्या हद्दीला लावला, की त्या गावातल्या माणसांची संधी आपोआप घटते.

आणि सगळ्यात वाईट संधी कुठली? शून्य. 50 मध्ये 1 ला 50 नं गुणून भरपाई होते. शून्याला कशानं गुणणार? कल्याण-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर हंगामापुरता आलेला कातकरी, बांधकामावर पत्र्याच्या शेडात राहणारा मजूर, पुलाखाली चूल मांडणारी बाई. घरांच्या यादीत ते नसले, तर कुठलीच पद्धत त्यांना वर काढत नाही. धुणीभांडी करायला पहाटेची लोकल पकडणारी बाई यादीत असते, पण अकरा वाजता दाराला कुलूप दिसतं आणि फॉर्मवर "घर बंद" पडतं.

रकाना नसणं हेही शून्यच. 1956 ला बौद्ध झालेला माणूस केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत 1990 पर्यंत बसत नव्हता. म्हणून 1981 च्या जनगणनेतला महाराष्ट्राचा अनुसूचित जातींचा आकडा त्यांना सोडून आहे. त्या आकड्यावर ज्यानं वस्त्यांच्या चिठ्ठ्या लिहिल्या असतील, त्याच्या डब्यात आपली वस्ती किती हलकी पडली असेल, तुम्हीच बघा. जनगणनेत जात मोजायचं 30 एप्रिल 2025 ला केंद्रानं ठरवलं. रकाना मिळणार. पण यादी करणारा दारापर्यंत येतो का, हे बघायचं काम आपलंच.

असमान संधीला घाबरू नका. माहीत असलेली असमानता भागाकारानं सरळ करता येते. लपवलेली करता येत नाही, आणि शून्य तर मुळीच नाही. म्हणून उद्या कुणी टक्केवारी तोंडावर फेकली, की तीन गोष्टी विचारा. यादी कुठल्या सालची? माझ्या वस्तीची संधी किती धरली? बंद घरांचं काय केलं? उत्तर मिळेपर्यंत उठू नका. आणि तोवर आपल्या गल्लीतली घरं आपणच मोजून ठेवा, पोटमाळ्यासकट.