धूम्रपानत्याग आणि क्रोध
(मठाच्या वर्धापनोत्सवातील व्याख्यान)



निपाणीच्या परिसरात तंबाखूविषयी बोलावयाचे म्हणजे थोडे जपूनच बोलले पाहिजे. या मातीत ती पिकली, तिच्यावर सहस्रावधी संसार उभे राहिले, आणि १९८१ साली तिच्या भावासाठी शेतकऱ्यांनी महामार्गावर ठाण मांडले तेव्हा गोळीबारात काहींचे प्राणही गेले. यास्तव पिकाची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. ज्याने विडी वा सिगारेट सोडण्याचा निश्चय केला, त्याच्या घरात पुढील काही आठवडे काय घडते, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

घडते ते असे. गृहस्थ देवासमोर शपथ घेतो. पहिला दिवस उत्साहात जातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आमटीत मीठ कमी पडल्याचे निमित्त होऊन ताट सरकवले जाते, मुलाच्या पाठीत विनाकारण धपाटा बसतो. आठवडा संपण्यापूर्वी गृहिणीच हात जोडून म्हणते, "अहो, ओढा ती विडी, पण हा त्रागा आवरा." कित्येक शपथा मोडतात त्या अशा, घरच्यांच्या संमतीने! आणि विडीने या मनुष्याचा राग शांत होतो, हा सर्वांचा समज अधिकच दृढ होतो.

हा समजच मुळी उलटा आहे. धुरातील निकोटिन १० ते २० सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे २ तासांत निम्म्यावर येते. मेंदूला त्याची सवय जडलेली असल्यामुळे ते उतरू लागताच बेचैनी व चिडचिड सुरू होते आणि पुढची विडी ती शमवते. आग लावणारी विडी आणि विझवणारीही विडीच. आपण आभार मात्र विझवल्याचे मानतो. धूम्रपान अजिबात थांबवले की ही चिडचिड २४ तासांच्या आत डोके वर काढते, पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असते, आणि साधारणतः २ ते ४ आठवड्यांत ओसरते. मुदतीच्या तापासारखीच तिलाही मुदत आहे. सोडणाऱ्याने ती तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावी आणि घरच्यांना आधीच दाखवावी. हा राग माझ्या स्वभावाचा की उतरत्या विषाचा, हे कळले म्हणजे निम्मे काम झाले.

उरलेले निम्मे अधिक अवघड आहे. पुष्कळांच्या बाबतीत विडी हे भांडणातून उठण्याचे निमित्त असते. शब्द वाढू लागला की मनुष्य अंगणात जातो, एकटा बसतो, सावकाश झुरके घेतो आणि पाच मिनिटांनी निवळून परततो. निवळण्याचे सारे श्रेय तो तंबाखूला देतो. परंतु उठणे, एकांत आणि दीर्घ श्वास यांचाही त्यात वाटा होताच. विडी गेली तरी हे तिन्ही ठेवता येतात. तलफेची लाट बहुधा काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ बाहेर जावे, हातपाय धुवावेत, श्वास घेण्यास लागला त्याहून अधिक वेळ तो सोडण्यास लावावा.

नाथांच्या अंगावर पुनःपुन्हा थुंकणाऱ्या यवनाची आख्यायिका आपण सहनशीलतेसाठी ऐकतो. मला तिच्यात दुसरेही काही दिसते. नाथ तेथेच उभे राहून राग गिळत बसले नाहीत. प्रत्येक वेळी ते गोदावरीकडे वळले आणि त्यांनी स्नान केले. अपमानाच्या प्रत्येक क्षणी करावयाचे एक ठरलेले कर्म त्यांच्यापाशी होते. आपल्याला नदी नसेल, रांजण तर आहे!

आणखी एक निरीक्षण. व्यसन सोडणाऱ्याचा राग पाण्यासारखा खालच्या अंगालाच वाहतो. कचेरीतील साहेबांवर तो क्वचितच उसळतो. पत्नीवर, मुलांवर, गड्यावर उसळतो. म्हणजे आवरण्याचे सामर्थ्य आहे, केवळ घरी ते वापरले जात नाही. म्हणून भगिनींना मी निमूटपणे सोसा असे सांगणार नाही. पैशाचे, सोयरिकीचे वादविषय महिनाभर पुढे ढकलावेत, एवढे सहकार्य पुरे. हात उचलण्यास निकोटिनची सबब चालणार नाही.

चहाविषयीही सांगितले पाहिजे, कारण विडी सुटली की चहा वाढतो. धुरामुळे शरीर चहाकॉफीतील कॅफिन लवकर निपटून टाकते. धूर थांबला की तेच कॅफिन रक्तात अधिक काळ राहते. पूर्वीइतकेच कप घेणाऱ्याची झोप उडते, छाती धडधडते, आणि दोष मात्र शपथेला दिला जातो. या दिवसांत चहा निम्म्यावर आणावा.

इतके करूनही ज्याचा संताप आवरत नाही, त्याने वैद्यकीय साहाय्य घेण्यात कमीपणा मानू नये. निकोटिनचे च्युइंगगम औषधविक्रेत्यांकडे मिळते. हृदयविकार असल्यास मात्र ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा निःशुल्क दूरध्वनी आहे. तो क्रमांक पाकिटावरच छापलेला असतो. ओढणाऱ्याच्या हातात तो दिवसातून दहा वेळा येतो आणि न वाचताच खिशात परत जातो.