ज्या वर्षीचा तोटा, त्या वर्षी

आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो, तुमचं अभिनंदन. तुमच्या आईबापांचं थोडं जास्त.

आपल्या तालुक्याचं नाव केळापूर आणि तहसील कचेरी पांढरकवड्यात. कागदावर एक आणि जागेवर दुसरं, याची सवय इथल्या माणसाला लहानपणापासून असते. मला ती फार उपयोगी पडली, कारण पुढं मी जन्मभर सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण केलं.

माझं गाव पाटणबोरीकडचं. 1972 साली कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली तेव्हा मी अकरावीत होतो. व्यापाऱ्याच्या काट्यातून शेतकरी सुटावा, हा हेतू खरा होता. बाबांनी घरात गूळ वाटला होता. पुढं एका हंगामात मी त्यांच्यासोबत बंडी घेऊन संकलन केंद्रावर गेलो. दोन रात्री रांगेत, बंडीखाली झोपून. तिसऱ्या दिवशी ग्रेडरनं मूठभर कापूस उचलला, आमच्याकडं न बघताच प्रत एका पायरीनं उतरवली आणि हातात पावती दिली. चुकारा मिळाला तेव्हा पुढची पेरणी उरकली होती. आमचा शेजारी मात्र रात्रीतून पैनगंगा ओलांडून आदिलाबादला गेला आणि सकाळी रोकडा घेऊन आला. कापूस राज्याबाहेर नेणं गुन्हा होता, नाके होते. पण नदीला कुठं नाका असतो?

गंमत पुढं आहे. पलीकडं भाव पडला, की हीच वाट उलटी वाहायची. तिकडचा कापूस इकडच्या सातबारावर विकला जायचा. म्हणजे तेजीत आपला कापूस सरकारला मिळत नसे आणि मंदीत परराज्याचाही घ्यावा लागे. कुठलं दुकान असं चालेल?

योजनेत एक शहाणपण होतं. नफा झाला, तर त्याचा चौथा हिस्सा चढउतार निधीत टाकायचा, वाईट वर्षासाठी. आपल्या आज्या कणगीच्या तळाशी बियाणं ठेवत, तसंच. पण नंतर नफा व्हायच्या आधीच बोनस वाटायची रीत पडली. त्याला नाव काय, तर अग्रिम बोनस! कणगी रिकामी झाली आणि तीसेक वर्षांत एकाधिकार संपला. नुकसान सरकारनं सोसलं असं म्हणतात. सरकार म्हणजे कोण, हे वाणिज्य शाखेच्या मुलांना मी सांगायला नको.

आता माझ्या धंद्याचं गाऱ्हाणं. लेखापरीक्षकाला आल्यावर चहा आणि गेल्यावर शिव्या. त्याचे शेरे कुणी वाचत नाही, फक्त वर्ग बघतात: अ, ब, क की ड. एका सूतगिरणीत गेलो होतो. नाव सांगत नाही, तुम्ही ओळखूही नका. सूतगिरण्यांसाठी सरकारचा नमुना ठाऊक आहे ना? शंभरातले पाच रुपये सभासदांचे, पंचेचाळीस सरकारचं भागभांडवल, पन्नास कर्ज. ज्याचे पाच गुंतलेत तो मालक, ज्याचे पंच्याण्णव तो मुंबईत. त्या गिरणीत यंत्रांच्या पेट्या ताडपत्रीखाली तशाच पडलेल्या, न उघडलेल्या. व्याज मात्र रोज चालू. मी तोटा लिहायला घेतला. अध्यक्ष हात जोडून म्हणाले, ‘‘साहेब, लिहा ना, पण पुढच्या वर्षी लिहा.’’ मी त्याच वर्षी लिहिला. पुढच्या वर्षी तिथं दुसरा लेखापरीक्षक होता आणि माझी बदली झाली होती. बदलीचं एवढं नाही, पण माझ्या बायकोला मुलांच्या शाळा बदलायला लागल्या, ते तिनं अजून मला माफ केलेलं नाही.

तरीही सरकारी मदतीला मी विरोध करत नाही. जामशेदजी टाटांनी 1877 साली नागपूरला उभी केलेली एम्प्रेस मिल शेवटी सरकारच्या ताब्यात गेली, तेव्हा हजारो कामगारांच्या चुली सरकारी पैशावर पेटल्या. त्या विझू द्यायला हव्या होत्या, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? पण ज्या वर्षीचा तोटा, तो त्या वर्षी लिहा. आणि ज्याच्या खिशातून जातो त्याच्या नावावर लिहा. हे मी पुन्हाही म्हणणार आहे, माझा स्वभावच तसा.

2025 चंच घ्या. अमेरिकेनं पन्नास टक्के आयातशुल्क लावलं, कापड गिरण्या अडचणीत आल्या. ऑगस्टमध्ये केंद्रानं परदेशी कापसावरचं अकरा टक्के शुल्क उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. नेमका आपला कापूस बाजारात यायची वेळ. लांब धाग्याला हमीभाव होता 8,110 रुपये क्विंटल, पण तो सरकारी खरेदी केंद्रावर. ज्याला उद्याच उधारी फेडायचीय तो खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्यालाच देतो. गिरणीला मदत झाली, ठीक. ती ज्याच्या भावातून वळती झाली, त्याचं नाव कुठल्या वहीत आहे? तुमच्यातले काही बँकेत जातील, काही संस्थांमध्ये कारकून होतील. ही नोंद करायला सांगणारा वरिष्ठ तुम्हाला मिळणार नाही. तरी करा. त्या वर्षी, त्या नावावर.

प्राचार्य घड्याळ बघताहेत. एवढंच सांगतो, मागच्या महिन्यात त्या गिरणीवरून जाणं झालं. पेट्या कुठं गेल्या कळलं नाही. ताडपत्री आहे अजून. तिच्या सावलीत कुणीतरी शेळ्या बांधल्या होत्या.