शहानिशा केल्याशिवाय नाही



जिंतूर असो वा पाथरी, आज घरोघरी मोबाईल आहे. "कंपनीतून बोलतो, स्वस्त योजना आहे, ओटीपी सांगा," असा फोन आला तर आपण काय कराल? आलेल्या बातमीची शहानिशा करावी, ही सूरह हुजुरातच्या 6व्या आयतीची ताकीद स्मरावी. जाहिरातीच्या फोनसाठी 140 ने सुरू होणारे क्रमांक नेमलेले आहेत. साध्या मोबाईल क्रमांकावरून कोणी योजना विकू लागला तर सावध व्हा. मात्र 140 दिसला म्हणूनही भुलू नका. फोन ठेवा, स्वतः 198 लावून आपल्या कंपनीस विचारा. ओटीपी कोणासही सांगू नये. पैसे गेलेच तर लाज न बाळगता तत्काळ 1930 वर कळवा. विद्यार्थ्यांनो, घरातील वडीलधाऱ्यांना एवढे जरूर शिकवा. तुमच्या इल्मचा पहिला हक्क त्यांचा आहे.