मामांची आरा मशीन आणि बार्शी लाईट
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



पुढच्या सभेपुढे एक विषय आहे. घरांच्या सागवानी चौकटी काढून लोखंडी बसवायच्या. त्याआधी हे लाकूड आलं कुठून, ते सांगतो.

आपल्या अणदूरला रेल्वे कधीच नव्हती. माझं आजोळ मात्र मुरूडचं, बार्शी लाईटवरचं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ही लाईन काढली. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली, १९११ ला ती लातूरला पोचली आणि १९२७ ला मिरजेला. रुळांतलं अंतर फक्त अडीच फूट. इंजिन असो की मालडबा, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, हा त्याचा हिशेब. म्हणून हलके रूळ चालले आणि खर्च आवाक्यात राहिला. (हाच गृहस्थ पुढं विमानातून उडी मारायच्या छत्र्या बनवायला लागला!)

मामांची वखार आणि आरा मशीन स्टेशनाजवळ होती. चांद्याकडचा साग मोठ्या लाईननं कुर्डुवाडीपर्यंत यायचा. तिथं सगळा माल उतरवून छोट्या डब्यात भरायचा. धान्याचं पोतं एक माणूस पाठीवर नेतो, ओंडक्याला सहा-आठ माणसं लागतात. मामा म्हणायचे, "कुर्डुवाडी ओलांडली की लाकडाचा भाव वेगळा." मुरूडला बैलगाडीतून वखारीत, मग ट्रॉलीवर चढवून चिराई. सुट्टीत आम्ही पोरं भुशाच्या ढिगावर लोळायचो आणि मामी घरात घ्यायच्या आधी अंगणातच झटकायची.

बँकेत लागल्यावर हा धंदा मला दुसऱ्या बाजूनं दिसला. ओला साग चिरून लगेच विकता येत नाही, पिळतो, तडकतो. थप्प्या लावून महिनोन्‌महिने सुकवायचा. तेवढे दिवस पैसा अडकलेला आणि कॅश क्रेडिटचं व्याज चालूच. घनफूट मोजायला जाणारा आमचा माणूस थप्पीच्या फक्त पुढच्या रांगा मोजायचा, हे मामांना बरोबर ठाऊक!

१९५४ साली सरकारनं लाईन विकत घेतली. पण पुढं ट्रक थेट वखारीच्या दारात यायला लागले, कुर्डुवाडीची दुहेरी हमाली वाचली. माझ्या मते छोट्या गाडीची मालवाहतूक तिथंच संपली. २००८ पर्यंत कुर्डुवाडी-लातूर मोठी लाईन झाली तेव्हा मार्ग बदलून धाराशिवला आला. जुन्या मार्गावर धाराशिव नव्हतंच.

मार्च १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्या विनापरवाना आरा गिरण्या बंद करायला सांगितल्या. मामेभावाकडे परवाना होता, म्हणून तो टिकला. पण तोवर प्लायवूड आणि ॲल्युमिनियम आलं होतं. आपली सोसायटी बांधताना चौकटी त्याच्याकडूनच आणल्या. त्याच्या शेवटच्या मोठ्या ऑर्डरींपैकी ही एक. नंतर पट्टा उतरला तो उतरलाच.

चौकटी कुजल्यात अशी तक्रार आहे. मी बाराच्या बारा घरं फिरून बघितली. फरशी धुतल्याचं पाणी मुरून खालची वीत-दीड वीत गेली आहे, वरचं लाकूड खणखणीत आहे. तेवढा तुकडा कापून नवा सांधा मारता येतो. माझ्या दाराला दोन वर्षांपूर्वी मारलाय. ठराव करण्याआधी येऊन बघा. संध्याकाळी सहानंतर मी घरीच असतो.