ट्रकची केबिन आणि चालकाचा हक्क

(मोटर वाहतूक कामगारांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



कामगार संघटनेचा कार्यकर्ता कारखान्यात जातो तेव्हा यंत्राशेजारी उभा राहून तेथील उजेड, उष्णता, धूर आणि आवाज प्रथम पाहतो. पगाराची चर्चा नंतर होते. ट्रकचालकाच्या बाबतीत हा क्रम सहसा पाळला जात नाही, कारण त्याचा कारखाना चाकांवर फिरत असतो. आज तो न्हावा-शेव्याच्या बंदराबाहेर उभा असतो, तर चार दिवसांनी इंदूर वा लुधियानाच्या वाटेवर असतो. त्या कारखान्याच्या लोखंडी पेटीत एक माणूस काम करतो, जेवतो आणि झोपतो. तेथे कारखाना निरीक्षक सहसा पोहोचत नाही आणि संघटनेचा कार्यकर्ताही क्वचितच पोहोचतो. म्हणून केबिनचा प्रश्न हा सुखसोयींचा प्रश्न समजला गेला. वस्तुतः तो कामाच्या परिस्थितीचा, म्हणजे मूळ कामगार-प्रश्नाचा भाग आहे.

वाहतूक कंपन्यांकडे पगारावर काम करणाऱ्या चालकांच्या मागण्यांची यादी आश्चर्य वाटावे इतकी साधी आहे. पाठीला आधार देणारी, धक्के शोषणारी बैठक; इंजिनाची धग आत न येणारी केबिन; पाय सरळ करता येतील असा बिछाना; गाडी उभी असतानाही चालणारा पंखा; डाव्या अंगाचे दुचाकीवाले दिसतील असे आरसे; आणि भरवशाचे ब्रेक व टायर. यांत चैनीची वस्तू एकही नाही. यांतल्या बऱ्याचशा गोष्टी तंत्रज्ञांना कित्येक दशके ठाऊक आहेत. मग त्या गाडीत का नव्हत्या, हा खरा अर्थशास्त्रीय प्रश्न आहे.

त्याचे उत्तर असे की, ट्रक विकत घेणारा एक आणि त्यात दिवसरात्र राहणारा दुसरा. खरेदीदार पाहतो तो टनामागचा आणि किलोमीटरमागचा खर्च. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीची एकूण लांबी कायद्याने मर्यादित आहे. म्हणून केबिनला दिलेला प्रत्येक फूट हा मालाच्या हौद्यातून वजा होतो. बैठकीवर खर्च केलेला रुपया मालकाच्या खिशातून जातो, आणि त्याचा लाभ चालकाच्या मणक्याला मिळतो. मणक्याचा हिशेब कंपनीच्या ताळेबंदात कोठेच नसतो. आपल्याकडे तर अनेक वर्षे ट्रक म्हणजे इंजिन आणि सांगाडा एवढेच विकले जात. सांगाड्यावर केबिन उभारण्याचे काम सरहिंद, नामक्कल यांसारख्या ठिकाणचे कारागीर लाकूड आणि पत्रा वापरून करीत. त्यांची कलाकुसर आणि रंगकाम वाखाणण्याजोगे असे. परंतु अपघातात तो पत्रा चालकाचे रक्षण करू शकत नसे, आणि आतल्या उष्णतेला तर धरबंधच नव्हता.

या उष्णतेची कबुली अखेर सरकारनेच दिली. रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०२३ साली जाहीरपणे सांगितले की, आपले चालक ४३ ते ४७ अंश तापमानात गाडी हाकतात आणि काही जण दिवसाचे बारा-चौदा तास चाकावर असतात. वातानुकूलित केबिनच्या कल्पनेला खर्च वाढेल म्हणून विरोध झाला, हेही त्यांनी सांगितले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अधिसूचना निघाली आणि साडेतीन टनांवरील नव्या मालवाहू गाड्यांच्या केबिनला वातानुकूलन यंत्रणा बसविण्याची सक्ती २०२५ साली अमलात आली. या निर्णयाचे स्वागतच केले पाहिजे. तो बाजाराने दिला नाही, कायद्याने दिला, ही गोष्टही ध्यानात ठेवली पाहिजे.

तथापि यंत्रणा बसविणे वेगळे आणि ती चालविण्याचा अधिकार असणे वेगळे. अनेक ठिकाणी चालकाला फेरीसाठी डिझेल बांधून दिलेले असते. अमुक किलोमीटरला अमुक लिटर. त्याहून अधिक लागले तर फरक चालकाच्या भत्त्यातून कापला जातो, आणि कमी लागले तर उरलेले त्याची मिळकत होते. वातानुकूलन चालते ते इंजिनाच्या शक्तीवर, म्हणजे डिझेलवरच. जेथे हा कोटा जुनाच राहील, तेथे चालक काच खाली करून उन्हाची झळ घेत जाईल आणि यंत्रणेची कळ बंद ठेवील. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल की, चालकालाच गारवा नको आहे. प्रत्यक्षात त्याने गारवा आणि घरी पाठवावयाचे पैसे यांची तुलना करून पैसे निवडलेले असतील. ज्या सोयीचा चालू खर्च कामगाराच्या मजुरीतून वसूल होतो, ती सोय दिली असे म्हणता येत नाही. म्हणून नव्या ट्रकबरोबर डिझेलचा नवा कोटा, ही संघटनेची पहिली मागणी असली पाहिजे.

दुसरी गोष्ट झोपेची. केंद्रीय मोटर वाहन नियम, १९८९ मधील राष्ट्रीय परवान्याची तरतूद पाहण्यासारखी आहे. परवान्याच्या गाडीवर किमान दोन चालक असावेत, आणि चालकाच्या मागे गाडीच्या पूर्ण रुंदीचे आसन असावे, जेणेकरून दुसऱ्याला आडवे होऊन झोपता येईल, असे त्यात म्हटले होते. म्हणजे बिछाना ही मालकाची मेहेरबानी नव्हती, तो नियम होता. आणि त्यामागचा विचारही स्पष्ट होता, की एकाने हाकावे व दुसऱ्याने झोपावे. २०१८ साली दोन चालकांची ही अट काढून टाकण्यात आली. त्याच वर्षी जुलैमध्ये गाड्यांच्या आसभाराची कायदेशीर मर्यादा सुमारे २० ते २५ टक्क्यांनी वाढविण्यात आली. एकाच वर्षात ओझे वाढले आणि ते वाहणारे हात निम्मे झाले. पूर्वीचा क्लीनरही अनेक गाड्यांवरून नाहीसा झाला. आता रात्री मागे पाहून इशारा देणारा, टायर बदलायला हात लावणारा, डुलकी लागली तर हाक मारणारा असा कोणी शेजारी नाही. बिछाना आहे, पण मालकाने दिलेली पोहोचण्याची वेळ चालकाला त्यावर पाठ टेकू देत नाही.

भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. यांतील किती मृत्यू चालकाच्या थकव्यामुळे झाले याची नीट मोजदाद होत नाही, कारण पोलिसांच्या कागदावर ‘अतिवेग’ आणि ‘निष्काळजीपणा’ हे शब्द सहज लिहिले जातात. चालक किती तास जागा होता, हा रकाना कोणी भरत नाही. शिक्षेचा विचार मात्र तत्परतेने होतो. अपघातानंतर न कळविता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद देणारे कलम नव्या न्याय संहितेत आले, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये देशभरचे चालक गाड्या उभ्या करून रस्त्यावर उतरले. त्यांच्या दबावामुळेच संहिता १ जुलै २०२४ पासून लागू होताना ते उपकलम स्थगित राहिले. विखुरलेला हा वर्ग एकत्र येऊ शकतो, हे त्या आंदोलनाने सिद्ध केले. पण तो एकत्र आला तो शिक्षेच्या भीतीने. कामाच्या तासांसाठी तो एकत्र आलेला नाही, आणि ते काम कार्यकर्त्यांचे आहे.

कायदा नाही असे नव्हे. १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ आणि आठवड्याचे ४८ तास ठरवून दिले, पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली, आणि जेथे रात्रीचा मुक्काम करावा लागतो तेथे विश्रांतिगृह देण्याची जबाबदारी मालकावर टाकली. महामार्गावर हा कायदा वाचून दाखविला तर चालक हसेल. तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांना लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत तो विलीन झाला आणि ही मर्यादा दहा कामगारांवर गेली. परिणामी, मोठ्या कंपनीने आपले काम लहान गाडीमालकांना वाटून दिले की तिचा माल वाहणारा चालक कायद्याच्या कक्षेबाहेर पडतो.

युरोपात चित्र निराळे आहे. तेथे दिवसाला सामान्यतः नऊ तास गाडी हाकण्याची मर्यादा आहे, साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांचा विसावा सक्तीचा आहे, आणि याची नोंद गाडीतील यंत्रच ठेवते. २०१७ साली युरोपीय न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, चालकाची पूर्ण साप्ताहिक विश्रांती ट्रकच्या केबिनमध्ये झाली तर ती विश्रांती धरता येणार नाही. केबिन कितीही चांगली असली तरी ती घर नव्हे, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. आपल्याकडेही नव्या गाड्यांत यंत्रे आली आहेत. गाडी कोठे आहे, किती वेगाने धावते, किती वेळ थांबली, हे कंपनीला कचेरीत बसून कळते. पुष्कळ ठिकाणी चालकाच्या चेहऱ्यासमोर कॅमेराही बसतो. पण ही नोंद वापरली जाते ती ‘गाडी का थांबविली’ हे विचारण्यासाठी. त्याच नोंदीवरून ‘सलग दहा तास गाडी का चालवावी लागली’ हा प्रश्न मालकाला विचारता येतो. यंत्र तेच आहे. नोंद कोणाच्या हाती आहे, यावर सारे अवलंबून आहे. त्या नोंदीची प्रत चालकाला मिळालीच पाहिजे.

यावर मालकांचा ठरलेला आक्षेप असा की, खर्च वाढेल, भाडे वाढेल आणि महागाई होईल. चांगल्या केबिनचा खर्च गाडीच्या सबंध आयुष्यातील लाखो किलोमीटरवर आणि हजारो टनांवर पसरतो, तेव्हा तो मालाच्या किमतीत शोधूनही सापडत नाही. दुसऱ्या चालकाचा पगार मात्र खरा खर्च आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तो आजही कोणीतरी भरतोच आहे. चालक तो झोपेने भरतो आणि रस्त्यावरील वाटसरू प्राणाने. एकट्या मालकाने सुधारणा केली तर स्पर्धेत तो मागे पडेल, हे खरे. म्हणूनच नियम सर्वांना एकाच दिवशी लागू करावा लागतो. कारखान्यांचे कायदे याच न्यायाने झाले.

महाराष्ट्राकडे या बाबतीत एक आदर्श घरातच आहे. ज्या गोदामाच्या दारात ट्रक उभा असतो, तेथेच माथाडी कामगार माल उतरवितो. त्याचाही एक मालक नसतो. तरी १९६९ च्या माथाडी कायद्याने त्रिपक्षीय मंडळे स्थापली. मजुरी आणि तिच्यावरील आकार मालकांकडून मंडळात जमा होऊ लागला आणि भविष्यनिर्वाह निधी, वैद्यकीय मदत यांचा आधार त्या कामगाराला मिळाला. त्या कायद्याच्या अंमलबजावणीत दोष आहेत, बोगस टोळ्यांचा उपद्रवही आहे; पण तत्त्व खोटे ठरलेले नाही. पाठीवर पोते घेणाऱ्याला जे मिळू शकले, ते चाक धरणाऱ्याला का मिळू नये? मालाच्या प्रत्येक खेपेवर अल्प आकार घेऊन चालकांचे मंडळ उभे करता येईल. मग छोट्या मालकाकडचा चालकही कायद्याच्या छत्राखाली येईल.

तेव्हा कार्यक्रम स्पष्ट आहे. कळंबोली, भिवंडी, उरण येथील ट्रकतळांवर आणि ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावरील थांब्यांवर कार्यकर्त्यांनी वही घेऊन जावे. गाडी किती सालची, बैठक कशी, डिझेलचा कोटा किती, गाडी दारात किती तास उभी राहिली, मागची झोप केव्हा आणि किती वेळ झाली, हे लिहून घ्यावे. चालकाचे आणि कंपनीचे नाव उघड होणार नाही याची खबरदारी घ्यावी, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्याची गाडी काढून घेतली जाईल. ही पाहणी हाती आली म्हणजे चार मागण्या ठामपणे मांडता येतील : वातानुकूलनासह डिझेलचा कोटा, लांब पल्ल्याला दोन चालक, गोदामाच्या दारातील खोळंब्याची भरपाई आणि तेथे पाणी व शौचालय, आणि गाडीतील नोंदीवर चालकाचा हक्क.

पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये महामार्गांवर चालकांसाठी १००० विश्रांतिस्थाने बांधण्याची घोषणा केली. ती बांधली जावीत. पण वेळापत्रक बदलल्याविना चालक तेथे थांबणार कसा? त्याला खाट हवी आहे, हे खरेच. परंतु त्याआधी खाटेवर पडण्याचे तास हवे आहेत. ते तास मालक आपण होऊन देणार नाही. ते संघटनेलाच मिळवावे लागतील.